क्षमेच्या अलीकडचे पाऊल

युद्धाच्या कथेत वाचकाची दृष्टी शस्त्राचा पाठलाग करते. जखम बांधणाऱ्या हाताकडे ती क्वचितच वळते. महाभारतातील अठरा दिवसांत कोणी कोणावर कोणते अस्त्र सोडले हे बिनचूक सांगणारी माणसे आपल्याकडे गावोगाव भेटतील; परंतु पांडवांच्या शिबिरात शास्त्रनिपुण वैद्यही नेमलेले होते, हे त्यांतील किती जणांच्या स्मरणात असेल? यात वाचकांचा फारसा दोष नाही. पराक्रम डोळ्यांत भरतो. सेवा दिसण्यासाठी थोडे थांबावे लागते. मात्र न थांबता केलेला निवाडा हा न्याय नव्हे, आणि कल्पित पात्राच्या बाबतीतही अन्याय हा अन्यायच असतो. कारण कथेतील माणसांना आपण ज्या मापाने मोजतो, तेच माप पुढे घरातील आणि शेजारच्या माणसांना लावतो. म्हणूनच एका जपानी चित्रकथेतील एका मुलीची बाजू घेऊन चार शब्द लिहावेत, असे आम्ही योजिले आहे.

जपानी चित्रकथांना 'मांगा' म्हणतात. आपल्या शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींना त्या आता अपरिचित राहिलेल्या नाहीत. त्यांवरून तयार झालेल्या चित्रमालिका, ज्यांना 'अ‍ॅनिमे' म्हणतात, त्या तर अनेक घरांत पाहिल्या जातात. वडीलधारी मंडळी मात्र 'पोरासोरांची चित्रे' म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवतात. हिरोमू आराकावा या लेखिकेची 'फुलमेटल अल्केमिस्ट' ही मांगा अशा मंडळींनी एकदा तरी वाचावी, अशी आमची विनंती आहे. 'पोलादी किमयागार' असे तिचे नाव मराठीत सांगता येईल. २००१ पासून २०१० पर्यंत ती 'शोनेन गांगान' या जपानी मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली; ग्रंथरूपात तिचे २७ खंड आहेत. तिच्यावर २००३ आणि २००९ साली दोन वेगवेगळ्या चित्रमालिका निघाल्या. पहिल्या मालिकेने मूळ कथानक बरेच बदलले असल्यामुळे आम्ही येथे मांगेतील कथाच प्रमाण मानली आहे.

आराकावा यांचा जन्म १९७३ सालचा, जपानच्या उत्तरेकडील होक्काइडो बेटावरचा. घर दुभती जनावरे पाळणाऱ्या शेतकऱ्याचे. राबल्याशिवाय ताटात अन्न पडत नाही, हे त्यांनी आईवडिलांच्या कष्टांत पाहिले आणि त्यातूनच त्यांच्या कथेचा मूळ नियम त्यांना सुचला. काही मिळवायचे असेल तर त्याच मोलाचे काही द्यावे लागते. या नियमाला आपण 'सममूल्य विनिमय' म्हणू. एडवर्ड आणि अल्फॉन्स या दोन भावांनी मृत आईला किमयेच्या बळावर परत आणण्याचा प्रयत्न केला. आई तर आली नाहीच. उलट थोरल्याचा पाय गेला आणि धाकट्याचे सारे शरीर गेले. धाकट्याचा आत्मा तरी राहावा म्हणून थोरल्याने आपला उजवा हात देऊन तो एका पोकळ चिलखतात बांधून ठेवला. गमावलेली शरीरे परत मिळवण्यासाठी निघालेल्या या दोन भावांची ही कथा आहे.

विन्री रॉकबेल ही त्यांच्या गावची, शेजारची, बालपणीची मैत्रीण. तिची आजी पिनाको आणि ती, दोघी मिळून कृत्रिम यांत्रिक हातपाय घडवतात. एडवर्ड ज्या पोलादी पायावर उभा राहतो आणि ज्या पोलादी हाताने लढतो, ते दोन्ही याच घरात घडलेले. असे असूनही या कथेच्या चाहत्यांत विन्रीविषयी उपेक्षेचा सूर वारंवार ऐकू येतो. ती लढत नाही. ती रडते. नायकाचा हात मोडला की दुरुस्तीपुरती येते आणि जाते. शत्रू तिला ओलीस धरतात आणि नायकाची पंचाईत होते. याच कथेत अचूक नेमबाज रिझा हॉकाय आहे, ब्रिग्जच्या बर्फाळ किल्ल्याची सेनानी ऑलिव्हिए आर्मस्ट्राँग आहे, दोघा भावांची गुरू इझुमी कर्टिस आहे. त्यांच्या रांगेत ही मुलगी कशाला, असे विचारले जाते. आपल्या परिचयाच्या तरुण वाचकांकडूनही आम्ही हेच ऐकले आहे.

या आक्षेपांत तथ्य मुळीच नाही असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रकरणामागून प्रकरणे जातात आणि विन्री पानावर दिसत नाही, हे खरे आहे. कथेची मुख्य वाट रणांगणातून जाते आणि ती रणांगणावरची नव्हे, हेही खरे. परंतु ती कुठे दिसते यापेक्षा, दिसते तेव्हा काय करते याकडे पाहिले तर निवाडा बदलावा लागेल. रश व्हॅली नावाच्या गावी एका वादळी रात्री एक स्त्री प्रसूतिवेदनांत असते आणि डॉक्टर येऊ शकत नाहीत. त्या घरात मोठमोठे किमयागार आणि योद्धे हतबल होऊन उभे राहतात. लहानपणी आईवडिलांची वैद्यकाची पुस्तके वाचलेली विन्री पुढे होते आणि बाळाला सुखरूप या जगात आणते. ज्या भावांनी किमयेने माणूस घडवू पाहिला आणि सर्वस्व गमावले, त्यांच्याच देखत हे घडते. जीव निर्माण करण्याचा हट्ट आणि जन्माला येणाऱ्या जिवाला हात देण्याची नम्रता, यांतील अंतर लेखिकेने एकाही उपदेशाच्या वाक्याशिवाय दाखवले आहे.

परंतु विन्रीचा खरा कस या प्रसंगी लागत नाही. तो लागतो तिच्या आईवडिलांच्या मारेकऱ्यासमोर.

ते दोघे डॉक्टर होते. अमेस्ट्रिस या लष्करी राष्ट्राने आपल्याच पूर्वेकडील इश्वाल प्रांतातील लोकांविरुद्ध संहारक युद्ध मांडले, तेव्हा ते स्वतःहून तेथे गेले आणि शत्रू ठरवल्या गेलेल्या इश्वाली जखमींवर उपचार करीत राहिले. युद्धाचा हा भाग लिहिण्यासाठी आराकावा यांनी निर्वासितांशी आणि युद्धात लढलेल्यांशी बोलून घेतले होते. ती पाने वाचताना ते जाणवते. त्या डॉक्टर दांपत्याने वाचवलेल्या जखमींत एक तरुण होता. त्याच्या कुटुंबाची राखरांगोळी झाली होती. थोरल्या भावाने मरता मरता आपला हात त्याच्या देहाला जोडून त्याला जगवले होते. शुद्धीवर येताच त्याने आपल्या खांद्याला भावाचा हात पाहिला, समोर शत्रूच्या वंशाचे चेहरे पाहिले आणि बेभान होऊन ज्यांनी त्याला वाचवले त्याच दोघांना ठार केले. पुढे तो लष्करी किमयागारांना वेचून मारीत सूडाच्या वाटेने निघाला. कथेत त्याला नाव उरलेले नाही. कपाळावरील व्रणावरून सारे त्याला 'स्कार' म्हणतात.

विन्रीला हे सत्य राजधानीच्या रस्त्यावर, अवचित, दुसऱ्यांचे बोलणे कानी पडून कळते. जवळच एक पिस्तूल पडलेले असते. ती ते उचलते आणि मारेकऱ्यावर रोखते. तो पळत नाही. गोळी झाडण्याचा तुला अधिकार आहे, असे तोच तिला सांगतो. मात्र झाडलीस तर त्या क्षणापासून तू माझी शत्रू ठरशील, असेही बजावतो. सूडाचे सारे गणित या दोन वाक्यांत आले. एडवर्ड मध्ये येऊन तिला पाठीशी घालतो आणि नंतर तिच्या थरथरणाऱ्या बोटांतून ते पिस्तूल सोडवतो. तुझे हात जीव घेण्यासाठी नाहीत, त्यांनी एका बाळाला जगात आणले, मला उभे राहायला हातपाय दिले, असे तो तिला समजावतो. ती रडते. आक्षेप घेणाऱ्यांना हेच रडणे खटकते. आम्हाला विचाराल तर, त्या क्षणी तिला रडू आले नसते तरच आम्ही तिच्याविषयी साशंक झालो असतो. ज्याला रडता येत नाही तो बहुधा मारतो. या कथेतील मारेकऱ्याचेच उदाहरण घ्या.

यानंतर बऱ्याच काळाने, उत्तरेच्या हिमप्रदेशातील एका ओसाड खाणगावी, दोघांची पुन्हा गाठ पडते. या वेळी तो जायबंदी आहे, बांधलेला आहे, आणि ती मोकळी आहे. ती त्याला आईवडिलांना का मारलेस म्हणून विचारते. तो सबबी सांगत नाही. कारण काहीही असले तरी मी त्यांना मारले हे सत्य आहे, असे कबूल करतो. मग ती पुढे होते आणि त्याच्या रक्ताळलेल्या हाताला पट्टी बांधते. सारे स्तब्ध होतात. तू मला क्षमा करतेस काय, असे तो विचारतो. यावर तिने दिलेले उत्तर आमच्या लेखाचा विषय आहे. गैरसमज करून घेऊ नकोस, या अन्यायाला मी क्षमा केलेली नाही, असे ती सांगते. माझे आईवडील येथे असते तर त्यांनी हेच केले असते, म्हणून मी हे करते आहे, एवढाच तिचा खुलासा.

येथे तिच्यावर दोन बाजूंनी टीका होते. एक पक्ष म्हणतो, हाती आलेल्या खुन्याला पट्टी बांधणे हा दुबळेपणा आहे. दुसरा पक्ष, ज्यात आपल्यासारखी धार्मिक माणसे मोडतात, म्हणतो की पट्टी बांधलीस ते ठीक, पण क्षमा केली नाही असे म्हणून सारे पुण्य घालवलेस. पहिल्या पक्षाला उत्तर देणे सोपे आहे. बांधलेल्या माणसाला गोळी घालण्यास धैर्य लागत नाही. त्याच्या जखमेला हात लावण्यास मात्र ते लागते. दुसऱ्या पक्षाचा प्रश्न अवघड आहे आणि तो आपल्या श्रद्धेच्या गाभ्याशी भिडतो. क्षमेचा उच्चार न करता, किंबहुना ती नाकारून, शत्रूवर प्रीती करता येते काय?

प्रथम भाषेकडे पाहू. जपानी भाषेत क्षमा करणे यासाठी जे 'युरुसु' क्रियापद आहे, त्याचा दुसरा अर्थ परवानगी देणे, चालू देणे असा आहे. विन्री जेव्हा अन्यायाला 'युरुसु' करीत नाही म्हणते, तेव्हा तिच्या नकारात हा दुसरा अर्थही मिसळलेला आहे. जे घडले ते चालण्यासारखे होते, असे माझ्या पट्टीवरून समजू नकोस, असे ती सांगते आहे. स्कारच्या इश्वाली गुरूनेही त्याला पूर्वी हाच भेद शिकवला होता. अन्यायाविषयी संताप वाटलाच पाहिजे, त्याला मान्यता देता कामा नये, परंतु तो सोसला पाहिजे. द्वेषाची साखळी कोणीतरी तोडलीच पाहिजे. सोसणे वेगळे आणि क्षमा वेगळी. संत पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातही एकमेकांचे सोसणे आणि एकमेकांना क्षमा करणे ही दोन स्वतंत्र क्रियापदे शेजारी शेजारी ठेवली आहेत. दोन्हींचा अर्थ एकच असता तर प्रेषिताने दोनदा श्रम घेतले नसते.

आता ख्रिस्तसभेच्या थोर आचार्याकडे वळू. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात शत्रुप्रेमाची चिकित्सा केली आहे. शत्रूवर तो शत्रू आहे म्हणून प्रेम करणे त्यांच्या मते विपरीत होय. कारण तसे केल्यास त्याच्यातील दुष्टतेवरच प्रेम केल्यासारखे होते. त्याच्यातील मनुष्यत्वावर प्रेम करणे मात्र बंधनकारक आहे. पुढे ते विचारतात, शत्रूविषयी प्रेमाच्या खुणा प्रत्यक्ष कृतीतून दाखवल्याच पाहिजेत काय? त्यांचे उत्तर मोठे व्यवहारी आहे. शेजारधर्म म्हणून सर्वांसाठी जे करतो त्यातून शत्रूला वगळू नये. त्याला आपले खास प्रेम दाखवणे प्रत्येकावर बंधनकारक नाही. परंतु तो संकटात सापडला तर मदतीला धावण्याची मनाची तयारी असलीच पाहिजे. याला ते नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायाचा, भुकेल्या वैऱ्याला जेवू घालण्याच्या आज्ञेचा, आधार देतात. संकट नसतानाही त्याचे भले करणे ही प्रीतीची परिपूर्णता होय. रक्त वाहणारा हात ही तर उघड संकटाची वेळ. विन्रीने दुष्टतेला होकार दिला नाही आणि मनुष्याला नकार दिला नाही. अक्वायनसांच्या तराजूत ती कमी भरत नाही.

यावर कोणी म्हणेल, प्रभूने सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करण्यास सांगितले आहे. आणि प्रभूच्या प्रार्थनेत आपण स्वतःच्या क्षमेला दुसऱ्याच्या क्षमेची अट घालून घेतली आहे. हे अर्थातच खरे आहे आणि ते कोणी सौम्य करू नये. अंतःकरणापासून क्षमा हेच ख्रिस्ती माणसाचे गंतव्य आहे. परंतु गंतव्य सांगणे निराळे आणि पहिल्या पावलालाच गंतव्य समजणे निराळे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात, अपराधाची वेदना न वाटणे किंवा तो विसरणे हे आपल्या हातचे नाही, हे स्पष्टपणे मान्य केले आहे. पवित्र आत्म्यापुढे ठेवलेले हृदयच दुखापतीचे रूपांतर करुणेत करू शकते, असे तो ग्रंथ शिकवतो. आपल्या हाती असते ते एवढेच की सूडाचे शस्त्र खाली ठेवावे आणि वैऱ्याचे भले होईल असे एखादे कृत्य करावे. बाकीचे कृपेचे काम आहे, आणि कृपेला वेळापत्रक लावता येत नाही.

त्या गंतव्यापर्यंत पोचलेली माणसे आहेत आणि त्यांच्यापुढे आपण नतमस्तक होतो. विन्रीची कथा ज्या देशात लिहिली गेली त्याच देशात, नागासाकी येथे, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर चढवण्यात आले. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया त्यांच्यात होते. त्यांच्यासमवेत क्रुसावर असलेले जपानी येशूसंघीय संत पॉल मिकी यांनी तेथूनच मारेकऱ्यांना क्षमा जाहीर केली. आपल्या देशात २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया यांची हत्या झाली. २००२ साली त्यांच्या धाकट्या भगिनीने, त्याही धर्मभगिनीच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हाती राखी बांधली. राणी मारिया यांना ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे धन्य घोषित करण्यात आले. ही शिखरे आहेत. परंतु त्या राखीच्या आधी सात वर्षे गेली, हे आपण विसरतो. शिखराकडे बोट दाखवून पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला हिणवणे हा शिखराचाही गौरव नव्हे.

हा मुद्दा आम्हाला केवळ कथेपुरता महत्त्वाचा वाटत नाही. ज्या घरातील माणूस दुसऱ्याच्या हातून गेला, ज्या मुलाचे बालपण एखाद्या विश्वासातील माणसाने नासवले, ज्या विधवेची जमीन सख्ख्या दिराने लाटली, त्या माणसांना तेराव्या दिवशीच 'आता झाले गेले विसरा, क्षमा करून टाका' असे सांगणारे हितचिंतक आपल्या समाजात उदंड आहेत. सांगणाऱ्याला हा उपदेश स्वस्त पडतो. ऐकणाऱ्याला तो दुसरा घाव वाटतो. आपण क्षमा करू शकत नाही म्हणजे आपण देवापासून दुरावलो, असे त्याला वाटू लागते आणि तो वेदीपासून दूर बसू लागतो. पोप फ्रान्सिस यांनी २० ऑगस्ट २०१८ रोजी, धर्मसेवकांकडून अत्याचार झालेल्यांसंबंधी लिहिलेल्या पत्रात, अशा जखमा कधीच नाहीशा होत नाहीत असे मान्य केले होते. अशा माणसाला विन्रीची गोष्ट सांगावी. त्याला सांगावे की तुझ्या तोंडून आज क्षमेचा शब्द निघत नसेल तर न निघो. पिस्तूल खाली ठेव. आणि ज्याने तुझे वाईट केले त्याच्या घरी आजार आला, तर औषधाची चिठ्ठी घेऊन दुकानापर्यंत जा. तेवढे जमले तर तू वाटेवर आहेस.

संत मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन मुलांचा दाखला आहे. बापाने मळ्यात जाऊन काम करण्यास सांगितले तेव्हा एक नाही म्हणाला आणि मागाहून गेला; दुसरा हो म्हणाला आणि गेलाच नाही. बापाची इच्छा कोणी पूर्ण केली, असे प्रभूने विचारले आणि ऐकणाऱ्यांनाच उत्तर द्यावे लागले. विन्री ही त्या पहिल्या मुलाची बहीण आहे. तिच्या ओठांवर नकार आहे आणि हातांत पट्टी आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या ओठांवर क्षमा असते, ती आपण दर रविवारी प्रार्थनेत म्हणतोही. परंतु मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात आपले हात त्या एका माणसासमोर नमस्कारासाठीही उठत नाहीत. प्रभूचा प्रश्न या दोन्ही पक्षांना आहे.

पट्टी बांधल्याने पुढे काय झाले, हेही पाहण्याजोगे आहे. ज्या मुलीला 'ओलीस पडणारी' म्हणून हिणवले जाते, तिला खरोखरच शत्रूने तसे वापरले होते; राष्ट्रप्रमुख ब्रॅडलीने तिच्या जिवाची धमकी घालूनच एडवर्डला लष्करात अडकवून ठेवले होते. परंतु त्या खाणगावी, सर्वांची सुटका व्हावी म्हणून, स्कारने आपल्याला पळवून नेल्याचे सोंग करावे अशी युक्ती तीच सुचवते. आईवडिलांच्या मारेकऱ्याबरोबर चालत जाण्यास ती स्वेच्छेने तयार होते. क्षमा केली नाही म्हणणाऱ्या मुलीने ठेवलेला हा विश्वास क्षमेची जाहीर घोषणा करणाऱ्या किती जणांना जमला असता? पुढे निर्णायक दिवशी तोच स्कार आपल्या भावाने मागे ठेवलेल्या विद्येने, ज्या राष्ट्राचा त्याने द्वेष केला त्या राष्ट्रातील लोकांना वाचवण्यात सहभागी होतो. आणि शेवटी मेजर माइल्ससमवेत उद्ध्वस्त इश्वालच्या पुनर्बांधणीस हातभार लावतो. हे सारे एका पट्टीने घडले असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या मनात इतर धागेही होते. परंतु खुन्याला माणूस म्हणून उभे राहण्यास जागा कोणीतरी द्यावी लागते, आणि ती देण्याचा हक्क ज्यांच्याकडे होता त्यांतील एकीने ती दिली. त्यातून काय निघेल याचा हिशेब तिने केला नव्हता, हे विशेष.

हिशेब हाच शब्द आम्हाला पुन्हा सममूल्य विनिमयाकडे नेतो. जिवाच्या बदल्यात जीव हाही सममूल्य विनिमयच. मोशेच्या नियमशास्त्रातील डोळ्याबद्दल डोळा हा दंडक सूडाला मर्यादा घालण्यासाठी होता. तो न्यायाचा तळ होता, त्याचे छत नव्हे. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात तो तळ ओलांडण्यास सांगितले. या कथेतील किमयागार हजारो पाने त्या समतोलाच्या नियमाशी झगडतात आणि अखेरीस दोघे भाऊ ठरवतात की दहा मिळाले तर त्यात आपले एक घालून अकरा पुढे द्यायचे. हे शहाणपण त्यांना कथेच्या शेवटी सुचते. किमयेचे एक अक्षरही न शिकलेल्या विन्रीने ते फार आधी आचरले होते. तिला जे मिळाले ते मरण होते आणि तिने पुढे दिली ती मलमपट्टी. शेवटच्या प्रकरणात एडवर्ड लग्नाची मागणीसुद्धा विनिमयाच्या भाषेत घालतो, माझे अर्धे आयुष्य घे आणि तुझे अर्धे दे म्हणतो. ती त्या नियमाला हसते आणि अर्धे कशाला, सगळेच देते म्हणते. मग भानावर येऊन टक्के कमीजास्त करीत ८५ वर येऊन थांबते. वाचक येथे हसतात आणि त्यांनी हसावेच. पण त्या हसण्यात, सगळे देऊ पाहणारे कोण होते आणि अर्ध्यावर अडलेले कोण, एवढे ध्यानात ठेवावे.

आमच्या तरुण वाचकांना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. कथा वाचताना कोण किती जणांना हरवतो हे मोजण्यात काही पाप नाही. तो वयाचा धर्म आहे. मात्र त्या मोजणीत जी बसत नाहीत ती माणसे क्षुल्लक, असे समजू नका. तुमच्या घरात अशी माणसे आहेत. भांडणात ती कोणाच्या बाजूने ओरडत नाहीत, त्यांच्या नावावर एकही विजय नसतो, आणि रात्री भांडण संपल्यावर दोन्ही खोल्यांत जेवणाचे ताट तीच नेऊन ठेवतात. त्यांना विचारलेत तर तीही कदाचित सांगतील, आम्ही क्षमा वगैरे काही केलेली नाही. त्यांच्या शब्दांवर फार जाऊ नका. त्यांच्या हातांतील ताटाकडे पाहा.